दाणे बंद, कबुतरे हजर

दादरच्या कबुतरखान्याचा 2025 चा वाद तारखांनिशी लावून पाहिला तर एक प्रचलित समज गळून पडतो. 3 जुलैला विधान परिषदेत मंत्री उदय सामंत यांनी मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्याची घोषणा केली. 30 जुलैला उच्च न्यायालयाने, मनाई मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, असे पालिकेला बजावले. ऑगस्टच्या आरंभी पालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री घातली. 6 तारखेला आंदोलकांनी ती फाडली. ‘कोर्टाने बंद केला’ असे तेव्हा सर्रास बोलले जाई. पण दुसऱ्याच दिवशी खंडपीठाने सांगितले, की बंदचा निर्णय पालिकेचा. आमचा तसा आदेश नाही.

या वादात फुप्फुसांचे विकार आहेत, जीवदया आहे, वारसा वास्तूही आहे. कबुतर काय शिकले, हा प्रश्न मात्र कुणाला पडलेला दिसत नाही.

त्यासाठी 1990 चा एक शोधनिबंध काढावा लागतो. अमेरिकेत जॉन नेविन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना बटणावर चोच मारायला शिकवले. दिव्याचे दोन रंग. दोन्हींत चोचीबद्दल मिळणारे दाणे सारखेच. एका रंगात मात्र, चोच मारा न मारा, वरकड दाणेही पडत. तिथे पक्षी सुस्तावले, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. पोट आधी भरून ठेवले, किंवा दाणे साफ बंद केले, तेव्हा त्याच रंगातले टोचणे जास्त टिकले. फुकट दाण्याने कष्ट आणि अन्न यांची जोड सैल होते, पण अन्न आणि ठिकाण यांची गाठ घट्ट बसते, असा नेविन यांचा अर्थ.

हे दादरला जसेच्या तसे लावू नये. प्रयोगाच्या पेटीत दाणे खरोखर थांबले होते. दादरला बंदीनंतरही कुणी ना कुणी मूठभर टाकतच होते. म्हणून ताडपत्रीनंतरही पक्षी परतले, एवढ्यावरून नेविन खरे ठरत नाहीत. तरी ताडपत्री घातली की कबुतरे उठून जातील, ही अपेक्षा त्या निबंधाच्या उजेडात भाबडी वाटते.

31 ऑक्टोबरला पालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवलीत चार पर्यायी जागा दिल्या, सकाळी 7 ते 9 पुरत्या. माणसांसाठी वेळ ठरली. दादरच्या पाखरांना ती जागा विसरायला किती दिवस द्यायचे, याचा हिशेब त्यात नव्हता.