अंगणातली जुनी जीप कबाड्याला देण्यापूर्वी हे वाचा : ५० वर्षांवरील गाड्यांची ओळख, नोंदणी आणि दुरुस्ती

नवेगाव बांध (ता. अर्जुनी मोरगाव) : विंटेज गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर राजेमहाराजांच्या गाड्या येतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचे सदस्य आपल्या चकचकीत केलेल्या गाड्या घेऊन हॉर्निमन सर्कलला जमतात. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. पण सरकारी नियमात विंटेज ठरायला गाडी राजाची असावी लागत नाही. आजोबांनी लिलावात घेतलेली, आज कोठ्यात किंवा सांदवाडीत झाकून ठेवलेली जीपसुद्धा त्यात बसू शकते. जुनी राजदूत किंवा जावा मोटरसायकलही बसू शकते. मात्र कबाड्याने एकदा तिचे तुकडे केले की मग काहीच करता येत नाही.

विंटेज कशाला म्हणायचे?

क्लबवाल्यांची भाषा वेगळी आणि सरकारची वेगळी. क्लबांच्या वर्गवारीत साधारण १९१९ ते १९३० दरम्यानची गाडी विंटेज आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची क्लासिक. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ (स्थापना १९६६) किमान ३० वर्षांचे वाहन ऐतिहासिक मानतो.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमात दुरुस्ती करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यातल्या अटी अशा :

- वाहन दुचाकी किंवा चारचाकी असावे आणि खासगी वापराचे असावे.
- पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला असावा.
- वाहन मूळ रूपात असावे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा.

आपल्या भागातल्या बऱ्याच जीपांचे घोडे तिसऱ्या अटीवर अडते. पेट्रोल परवडत नाही म्हणून मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवणे ही एकेकाळी सर्रास चालणारी गोष्ट होती. कुणी चेसिस वाढवून मागे बाके टाकली. अशी गाडी कितीही जुनी असली तरी विंटेज नोंदणीसाठी अडचणीची ठरते. काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहतुकीत नोंदलेली जीपही खासगी वापराच्या अटीत बसत नाही. नवेगाव-नागझिऱ्यात सफारीला दिसणारी जिप्सी मुळात १९८५ मध्ये बाजारात आली. म्हणजे पहिल्या खासगी जिप्सीलासुद्धा ५० वर्षे पूर्ण व्हायला २०३५ उजाडेल.

जीप कोणत्या काळातली, ते कसे ओळखायचे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर लष्करी जीपा बनवल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्राने १९४० चे दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे जीप इथेच तयार होऊ लागली आणि वनखाते, पोलीस, महसूल अशा सगळीकडे पोहोचली.

- समोरची जाळी मोजा. युद्धकाळातल्या लष्करी जीपच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. नागरी जीपमध्ये सात.
- बोनेटची उंची पाहा. बुटके, सपाट बोनेट जुन्या मॉडेलचे. उंच बोनेट म्हणजे १९५३ मध्ये आलेली सीजे ३बी. तिचे हरिकेन पेट्रोल इंजिन उभट असल्याने बोनेट वर घ्यावे लागले. महिंद्राने हेच मॉडेल पुढे अनेक वर्षे बनवले.
- एमएम ५४० ही डिझेल जीप १९८० च्या दशकातली. तिला अजून ५० वर्षे झालेली नाहीत.

कारमध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर या दोन गाड्या जास्त सापडतात. फियाट ११०० चे नाव १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाले. अँबेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली होती आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. दुचाकींमध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेली जावा.

मॉडेल जुने म्हणजे गाडी जुनी असे समजू नये. ही मॉडेल वर्षानुवर्षे जवळपास तशीच बनत राहिली. आरसी बुकावरची पहिल्या नोंदणीची तारीखच शेवटी धरली जाते.

आधी कागद, मग पाना

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे ५० वर्षांच्या गाडीवर मुळात एमएच ३५ क्रमांक असणे शक्यच नाही. तिची पहिली नोंद भंडारा, नागपूर किंवा आणखी कुठल्या कार्यालयात असेल. दुरुस्तीवर पैसा घालण्याआधी ती नोंद शोधावी.

- गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१.
- सरकारी लिलावात घेतली आणि नावावर करायची राहून गेली असेल तर फॉर्म ३२. लिलावाचा कागद जपून ठेवावा.
- आरसी बुक हरवले असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६.
- चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर वाचता येतात का ते पाहावे. गंज काढताना नंबरावर ग्राइंडर फिरवू नये. नंबर गेला की गाडीची ओळखच गेली, आणि चोरीच्या गाडीचा संशय येतो तो वेगळाच.

विंटेज नोंदणीत काय मिळते, काय नाही?

अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा, फी आणि जुनी आरसी. आयात गाडी असेल तर आयातीचे कागद. २०२१ च्या नियमांनुसार नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नूतनीकरणाची ५ हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला खास क्रमांक मिळतो.

याचा तोटाही समजून घ्यावा. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तिथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापराला बंदी आहे. म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च काढू म्हणाल, तर ते चालत नाही.

जीप शेतावर, बाजाराला न्यायचीच असेल तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणे हाच मार्ग. १५ वर्षांनंतर गाडीची तपासणी करून फॉर्म २५ वर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पर्यावरण करही भरावा लागतो. इंजिन बदललेल्या जीपलाही हाच रस्ता आहे, पण बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर असली पाहिजे.

बंद पडलेली गाडी सुरू करताना

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून थेट सेल्फ मारणे किंवा ट्रॅक्टरने ओढून सुरू करणे, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो. जोर लावला की पिस्टनच्या रिंगा तुटतात.

१. काहीही खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंचे आणि वायरिंगचे फोटो काढा. काढलेले नटबोल्ट डब्यात घालून वर नाव लिहा.
२. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडा. एक-दोन दिवस मुरू द्या. मग हँडलने हळूहळू फिरवा. अडले तर जोर करू नका.
३. टाकीतले जुने पेट्रोल काढा, टाकी धुवा, कार्बोरेटर साफ करा.
४. रबरी नळ्या बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर आणि बुचाचे गॅस्केट ते सहन करत नाही. गळती झाली तर आग लागू शकते.
५. उंदरांनी कुरतडलेली वायर जोडत बसू नका, नवी टाका. सुरुवातीच्या जीपांना ६ व्होल्टची वीजजोडणी होती. १२ व्होल्टची बॅटरी लावण्याआधी खात्री करा.
६. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची आणि चाकांतल्या सिलिंडरची रबरे बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

मूळ भाग झिजला असला तरी फेकू नये. काढलेले पेट्रोल इंजिन कोपऱ्यात पडले असेल तर कबाड्याला देऊ नये. त्यावरचा नंबर आरसीशी जुळत असेल तर ते पुन्हा बसवून गाडी मूळ रूपात आणता येते. क्लबांचे सदस्य एकेका भागासाठी वर्षानुवर्षे शोध घेतात ते याचसाठी. क्लबाचा खरा उपयोगही तोच आहे : कोणता भाग कुठे मिळेल आणि कोणत्या मिस्त्रीला ते काम जमते, हे तिथे कळते.

पूर्ण दुरुस्ती या वर्षी जमणार नसेल तर निदान पावसाळ्यापूर्वी गाडी पक्क्या छपराखाली घ्यावी. चाके विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावीत. प्लास्टिक गुंडाळून बंद करू नये, आत ओल धरून पत्रा लवकर सडतो. फीचे दर बदलत असल्याने अर्जापूर्वी गोंदियाच्या आरटीओ कार्यालयात किंवा परिवहन विभागाच्या पोर्टलवर खात्री करून घ्यावी.