रिकामी गाय शोधणारा हात

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी घरे पुष्कळ. कामावर, बाजारात त्यांना गुजराती शिकावी लागते. गोठ्यात निदान एक शब्द तरी शिकावा लागत नाही. मराठीत जी गाय गाभण, ती गुजरातीतही गाभणच. संस्कृतातल्या ‘गर्भिणी’ची प्राकृतात ‘गब्भिणी’ झाली आणि बोलून बोलून ‘गाभण’. बाई गर्भवती, गरोदर, दोन जिवांची. हा झिजलेला शब्द जनावराच्या वाट्याला आला. त्याला कमी लेखू नये. देवळाचा गाभारा आणि केळीचा गाभा त्याच घरातले.

शब्द जुना, पण हात घालून गाय तपासण्याची रीत आपल्या गोठ्यात शंभर वर्षांचीही नाही. तिचे काम काय होते? वळू गावातच असायचा. गाय माजावर आली की तो बघून घ्यायचा. फळली नाही तर ती साधारण एकविसाव्या दिवशी उलटायची आणि तो पुन्हा बघून घ्यायचा. मालकाची खात्री पटायची ती सहाव्या-सातव्या महिन्यात. उजव्या कुशीत मूठ दाबून सोडली की आतून वासराची धडक लागायची. उजव्याच, कारण डावी बाजू चाऱ्याच्या पोटाने व्यापलेली असते.

घाई असलेल्यांसाठी गव्हाची चाचणी होती. गोमूत्रात पाणी मिसळून गहू भिजवायचे. मोड नीट आले नाहीत तर गाय गाभण. कन्नड लोकगीतातल्या गाईवरून ही चाचणी ‘पुण्यकोटी’ नावाने ओळखली जाते. प्राचीन इजिप्तच्या पपायरसांत बायकांसाठी अशीच चाचणी आहे, जव आणि खपली गव्हाची. निकाल मात्र उलटा: तिथे अंकुर फुटले तर गरोदर!

गोठ्यातून वळू गेला आणि त्याच्या जागी रेतनाची नळी आली, तिथून या तपासणीची खरी कुळकथा सुरू होते. 1936 मध्ये डेन्मार्कच्या साम्सो बेटावर शेतकऱ्यांनी कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. शेणाच्या वाटेने हात घालून गर्भाशयाचे मुख धरायचे आणि दुसऱ्या हाताने नळी सरकवायची, ही पद्धत डॅनिश पशुवैद्यांनी रूढ केली. भारतात 1939 मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी कृत्रिम रेतनाची सुरुवात केली. पोटातली चाचपणी पशुवैद्यांना त्याआधीही ठाऊक होती. लहान शेतकऱ्याच्या दारी ती आली रेतनाचे बोट धरून. मुख धरणारा हातच दोन-तीन महिन्यांनी पिशवी चाचपू लागला.

सुरतेचा या कथेतला वाटा दुहेरी आहे. 1951 मध्ये इथे ‘सुमूल’ हा जिल्हा दूध संघ उभा राहिला. दूध रोज मापून घातले जाऊ लागले की न फळलेली गाय डोळ्यांत खुपते: एक माज हुकला की तीन आठवडे गेले, वैरण चालूच. दुसरा वाटा एका माणसाचा. मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे, जन्म 1920 चा. 1946 मध्ये गांधीजींमुळे ते पुण्याजवळ उरुळी कांचनला आले आणि तिथलेच झाले. 1967 मध्ये त्यांनी ‘बाएफ’ स्थापन केली आणि रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. सुरतेने महाराष्ट्राला दिलेल्या देणग्यांत मी हिऱ्याच्या आधी ही धरतो.

तपासणी पाहायला सुंदर नसते. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा, त्यावर साबणाचे पाणी, आधी शेण ओढून काढायचे. मग डॉक्टर वर कुठेतरी पत्र्याकडे बघत उभे राहतात. सगळे बघणे बोटांनी चाललेले असते. दोन महिन्यांची गाभण असेल तर पिशवीचे एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड लागते. पुढे जाराची बटणे बोटाला लागतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास पिशवीच्या रक्तवाहिनीत ठोके नव्हे, सलग थरथर जाणवते. नवशिके भरलेल्या मूत्राशयालाच गर्भाशय समजतात.

मालक विचारतो, “गाभण आहे ना?” आणि डॉक्टर खरे तर रिकामी शोधत असतात. गाभण गाय नऊ महिने नऊ-दहा दिवसांनी आपोआप कळणारच आहे. उलटली नाही म्हणून गाभण समजलेली, पण आतून रिकामी असलेली गाय मालकाला बुडवते. उलटही घडते: काही गाभण गाई माज दाखवतात, आणि न तपासता पुन्हा नळी घातली तर गाभ पडू शकतो. म्हशीत तर मुका माज. (सुरती म्हैस नावाची सुरतेची, तिचा मूळ मुलूख मही आणि साबरमती यांच्या मधला.)

आता सोनोग्राफी महिन्याभरात सांगते, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या 12 अंकांवर नोंदही होते. हात अजून स्वस्त आहे. पण तो कितीही सरावाचा असला तरी महिना अंदाजानेच सांगतो. तेव्हा रेतनाची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने का होईना, लिहून ठेवा.