परक्यांचे गाव

मुलगा, सून आणि नातू नॉर्विचला राहायला गेले, त्याला आता सहा वर्षे होतील. (लिहायचे नॉर्विच आणि म्हणायचे नॉरिच. माझा उच्चार नातवाने सुधारला!) निघताना सामानाचे वजन जास्त भरले. मुलगा म्हणाला, "पोळपाट काढ." सून म्हणाली, "हवे तर माझे दोन ड्रेस काढते, पोळपाट राहू दे."

पोरे तिकडचीच होऊन जाणार, ही रुखरुख मला तेव्हापासून होती. गेल्या वर्षी आम्ही दोघे तिकडे गेलो. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस घरात कसा बसणार? गेलो 'स्ट्रेंजर्स हॉल' पाहायला. म्हणजे परक्यांचा वाडा. आता तिथे संग्रहालय आहे.

हे परके कोण? १५६५ मध्ये शहराचा कापडधंदा बसला होता. महापौर थॉमस सॉदर्टन याच वाड्यात राहत असे. नगरीने राणी एलिझाबेथची परवानगी काढून समुद्रापलीकडच्या विणकरांची ३० कुटुंबे बोलावली, २४ डच आणि ६ वालून. तिकडे धर्मावरून छळ वाढला, तसे आणखी आले. १५७९ पर्यंत सुमारे सोळा हजारांच्या वस्तीत सहा हजार परके झाले! सगळ्यांना ते रुचले असे नाही. १५७० मध्ये त्यांना हाकलण्यासाठी उठावाचा कट झाला, म्होरक्यांना फाशी झाली. पण परके राहिले आणि कापडधंदा पुन्हा उभा राहिला.

त्यांची काही पत्रे टिकली आहेत. १५६७ मध्ये टोप्या करणाऱ्या एका कारागिराने इप्रला असलेल्या बायकोला बोलावून घेतले. इथली माणसे प्रेमळ आहेत, असे कळवले, आणि येताना लोण्यासाठी दोन लाकडी भांडी आण, इथे सगळी डुकराची चरबीच वापरतात, हेही बजावले. मला आमचा पोळपाट आठवला.

या लोकांनीच कॅनरी पक्षी पाळण्याचा नाद तिथे नेला, असे सांगतात. आज कॅनरी शहराच्या फुटबॉल संघाच्या चिन्हावर आहे.

परवा नातवाचा फोन आला. हिरमुसला होता.

"आजोबा, आपण हरलो!"

बघा, 'आम्ही हरलो' नाही म्हणाला. 'आपण' म्हणाला. व्याकरण शिकवलेल्या माणसाला एवढे पुरे. आता मीही त्यांचे सामने कधी असतात ते विचारून ठेवतो.