रक्ताच्या नळीमागचा वैद्य : रासायनिक विकृतितज्ज्ञ

कंधार तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा रुग्ण उपाशीपोटी रक्त देऊन घरी परततो, तेव्हा त्याच्या लेखी तपासणी संपलेली असते. प्रयोगशाळेच्या लेखी ती तेथून सुरू होते. कंधारहून नांदेड सुमारे ५० किलोमीटर. नमुना तिकडे पाठवायचा असेल तर नमुने गोळा होणे, वाहनाची वाट पाहणे आणि प्रत्यक्ष प्रवास यांत तीन-चार तास सहज जातात. एवढ्या काळात नळीतील रक्तपेशी जिवंतच असतात आणि भोवतालची साखर खात राहतात. सामान्य तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी नाहीशी होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम ही मधुमेहाची निदानरेषा मानली जाते. ती नेमकी गाठलेला रुग्ण तीन तासांनंतर कागदावर १०० ते १०८ च्या घरात येतो आणि मधुमेहातून सुटल्यासारखा दिसतो. यंत्राने आकडा अचूक मोजलेला असतो. पण तो त्या माणसाच्या शरीरातला आकडा नसतो.

हा फरक ओळखणे हे ज्या तज्ज्ञाचे काम, त्यास रासायनिक विकृतितज्ज्ञ किंवा केमिकल पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट म्हटले की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारा डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. रासायनिक विकृतितज्ज्ञाचे लक्ष रक्तरस, मूत्र, मेंदूजल अशा द्रवांतील साखर, क्षार, प्रथिने, विकरे आणि संप्रेरके यांवर असते. ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र वैद्यकीय शाखा असून तेथील अनेक केमिकल पॅथॉलॉजिस्ट चयापचयाच्या विकारांचे बाह्यरुग्ण विभागही चालवितात. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने बायोकेमिस्ट्री या विषयात एम. डी. झालेले डॉक्टर पाहतात. रुग्णाची व त्यांची गाठ क्वचितच पडते, त्यामुळे अहवालाच्या तळाशी असलेली सही एवढीच त्यांची ओळख उरते.

साखरेच्या प्रश्नावर उपाय आहेत. सोडियम फ्लोराइड घातलेल्या नळीत रक्त घेतल्यास पेशींचे साखर खाणे थांबते. मात्र फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात आणि तोवर घट होतच राहते. नळी बर्फात ठेवली तर साखर वाचते. पण त्याच बर्फाने पोटॅशियमचा अहवाल बिघडतो, कारण थंडीत पेशींच्या आवरणावरील पंप मंदावतो आणि पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. एका तपासणीचे औषध दुसरीचे विष ठरावे, असा हा प्रकार. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे रक्त घेतल्यानंतर लवकरात लवकर, त्याच ठिकाणी, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी व द्रव वेगळे करणे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महालॅब’ योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालयांतून घेतलेल्या नमुन्यांची मोफत तपासणी होऊ लागली. अशा व्यवस्थेत नमुना जेथे घेतला जातो तेथले छोटे सेंट्रिफ्यूज शहरातील लाखो रुपयांच्या यंत्राइतकेच मोलाचे असते. प्रयोगशाळेच्या नावावर जमा होणाऱ्या चुकांपैकी बहुतांश चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडतात, ही गोष्ट आता जगभर मान्य झालेली आहे.

आकडा आणि माणूस

समजा, एका रुग्णाच्या अहवालात पोटॅशियम ९ आणि कॅल्शियम ३ आले. हे आकडे खरे असतील तर हृदय बंद पडायला वेळ लागणार नाही. पण रुग्ण बाकावर बसून चहा पीत आहे! अनुभवी तज्ज्ञ येथे थबकतो आणि अल्कलाइन फॉस्फटेज या विकराचा आकडाही पाहतो. तोही अकारण घसरलेला असेल तर उलगडा होतो. रक्तपेशींच्या मोजणीसाठीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीएचे पोटॅशियम क्षार असतात. त्या नळीतील रक्ताचे थोडे थेंब चुकून दुसऱ्या नळीत पडले की पोटॅशियम फुगते, कॅल्शियम बांधले जाते आणि त्या विकराला लागणारी धातुद्रव्येही हिरावली जातात. अशा वेळी अहवाल रोखून नवा नमुना मागविणे, हाच उपचार. कारण खोट्या पोटॅशियमवर दिलेले इन्शुलिन आणि ग्लुकोज खऱ्या रुग्णाला इजा करू शकते.

याच्या उलट प्रसंगही येतात. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाचे पोटॅशियम खरोखरच ७ वर पोचलेले असते. तेव्हा छापील अहवालाची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तत्काळ दूरध्वनी करावा लागतो. अशा ‘धोक्याच्या मूल्यां’ची कल्पना अमेरिकेतील डॉ. जॉर्ज लुंडबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडली. आज चांगल्या प्रयोगशाळेत कोणाला, किती वाजता, कोणता आकडा कळविला याची नोंद ठेवली जाते.

गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी शहरी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्याविषयीचा एक इशारा मात्र फारसा कोणी सांगत नाही. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग असेल तर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आढळल्या, हे ध्यानात घेतले की या इशाऱ्याचे महत्त्व कळते. सिकलसेलच्या रुग्णांत याउलट घडते. तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या रुग्णाचा अहवाल वाचताना ही शक्यता डोक्यात असलीच पाहिजे. तेथे एचबीए१सीऐवजी प्रत्यक्ष रक्तशर्करेवर भर द्यावा लागतो.

कापूस, फवारणी आणि एक विकर

कंधार परिसरात सोयाबीनबरोबर कापूस होतो आणि कापूस म्हटला की फवारणी आलीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी कोलिनेस्टरेज हे नाव वृत्तपत्रांतून सर्वसामान्यांपर्यंत पोचले. ऑर्गेनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या टोकाशी काम करणारे हे विकर निष्प्रभ करतात. मग तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखे होते. रक्तरसातील कोलिनेस्टरेज लवकर घसरते व काही आठवड्यांत भरून येते; तांबड्या पेशींतील विकर मात्र नव्या पेशी तयार होतील तसतसेच, दिवसाला जेमतेम १ टक्का या गतीने परत येते. त्यामुळे ताजा संसर्ग कोणता आणि वारंवार फवारणीने साचत गेलेला परिणाम कोणता, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सांगता येते. निरोगी माणसांतही या विकराचे प्रमाण खूप भिन्न असते. म्हणून फवारणीच्या हंगामापूर्वीचा मूळ आकडा हाती असणे सर्वांत उपयोगाचे. तो बहुधा नसतोच! अॅट्रोपिन मात्र या अहवालासाठी थांबवून ठेवायचे नसते. ते लक्षणे पाहूनच सुरू करावे लागते.

तपासणीवाचून निदानच होत नाही असेही आजार आहेत. जन्मतः थायरॉइड कमी असलेले मूल पहिले काही आठवडे अगदी निरोगी दिसते. पण उपचार लांबले तर बुद्धीची वाढ कायमची खुंटते. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली थायरॉक्सिनची स्वस्त गोळी, एवढ्यावर हे टळते. नमुना पहिल्याच दिवशी घेतला तर प्रसूतीनंतर स्वाभाविकपणे उसळणाऱ्या टीएसएचमुळे निरोगी बाळही आजारी ठरते. नवजात बालकांची अशी सरसकट तपासणी गोव्याने २००८ मध्ये सुरू केली.

या शास्त्राचा प्रवास मोठा रंजक आहे. मूत्रात बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून उकळायचे आणि ते विटकरी झाले की साखर समजायची, ही विसाव्या शतकाच्या आरंभीची रीत आपल्याकडील महाविद्यालयांत पुढे कित्येक पिढ्यांनी गिरविली. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची १९२५ ची सुप्रसिद्ध पद्धत सायरस फिस्के यांच्याबरोबर यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राने शोधली. १९५७ मध्ये अमेरिकेत लेनर्ड स्केग्ज यांचे स्वयंचलित यंत्र बाजारात आले आणि तपासण्यांचा पूर सुरू झाला.

यंत्रे आली तसा सहीचा प्रश्नही आला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी, असे स्पष्ट केले. बायोकेमिस्ट्रीच्या डॉक्टरांचे आणि एम. एस्सी. झालेल्या शास्त्रज्ञांचे स्थान काय, यावर त्यानंतर बराच खल झाला व केंद्र सरकारला नियमांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. रुग्णाच्या दृष्टीने पाहावयाचे ते थोडके आहे : अहवालावर नमुना घेतल्याची वेळ आहे काय, सही कोणाची आहे आणि आकडा अनपेक्षित असेल तर त्या व्यक्तीशी डॉक्टरांना बोलता येते काय. कंधारच्या त्या रुग्णाच्या अहवालावर ‘नमुना सकाळी ८ वाजता घेतला, पेशी ८.३० ला वेगळ्या केल्या’ अशी ओळ असेल, तर १०५ हा आकडा १०५ म्हणूनच वाचता येतो.