वहिवाट

कांद्याचा हंगाम लागला की निफाडच्या कोर्टात माझ्याकडे वाटेची भांडणं वाढतात. ट्रॉली भरून उभी, लिलावाची वेळ टळत चाललेली आणि शेजाऱ्यानं बांधावर काट्या टाकलेल्या. गेल्या हंगामात आमच्याच विंचूरच्या शिवारातले एक आजोबा आले. सातबारा, गटाचा नकाशा, जुन्या पावत्या, सगळं एका कापडी पिशवीत. मी विचारलं, "वाट कधीपासूनची, बाबा?"

"माझा आजा बैलगाडी घेऊन जायचा, ताई. पूर्वापार वहिवाट हाय."

हे दोन शब्द मी अर्जात शेकडो वेळा लिहिले असतील. शब्द आपल्या मातीतले, पण कोर्टात त्यांच्या पाठीशी उभा राहणारा कायदा रोमहून लंडनला आणि लंडनहून मुंबईला आलेला आहे. परक्याच्या जमिनीतून जाण्याचे तीन हक्क रोमन लोकांनी वेगळे केले होते: इटर, अ‍ॅक्टस आणि व्हिया. म्हणजे आपली पाऊलवाट, गुरं हाकायची वाट आणि गाडीवाट. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या त्यांच्या बारा पत्र्यांच्या कायद्यात गाडीवाटेची रुंदीसुद्धा ठरलेली आहे, सरळ जाताना ८ फूट आणि वळणावर १६. गाडी वळायला जागा जास्त लागते, हे ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः बैल हाकलेले असणार. आपल्याकडचा १८८२चा सुविधाधिकाराचा कायदा सलग २० वर्षं हक्कानं, उघडपणे आणि विनाअडथळा वापर असला की वाटेचा हक्क मानतो. त्याचं मूळ तिकडे आहे.

हा कायदा इथं शिकवला कुणी, याचा शोध घ्यायला लागल्यावर मला माझाच रस्ता नव्यानं दिसला. मुंबईत १८५५ साली सरकारी लॉ स्कूल सुरू झालं. तिथल्या न्यायशास्त्राच्या अध्यापकपदाला सर अर्स्किन पेरी यांचं नाव दिलेलं आहे. पेरी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्षही. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं असा त्यांचा आग्रह होता. जगन्नाथ शंकरशेट मराठीच्या बाजूनं त्यांच्याशी भांडले आणि हरले. त्या हरण्याची किंमत माझे पक्षकार अजून मोजतात, असं मला मनापासून वाटतं. आपल्याच वाटेचा निकाल त्यांना कुणीतरी वाचून सांगावा लागतो.

आमच्याच निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८६६ साली एलएल.बी. झाले, मुंबई विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या कायदेपदवीधरांपैकी एक. आमच्या गावाचं नाव लावणाऱ्या विंचूरकर सरदारांच्या पुण्याच्या वाड्यात लोकमान्य टिळक राहत होते. त्याच वर्षांत ते वकिलीच्या परीक्षेसाठी कायद्याचे वर्गही चालवत होते.

विंचूरवरून पुढे गेलं की येवला. माझा शोधही तिथंच पोचतो.

जून १९३५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्रोफेसर झाले. काहीच दिवस आधी, २७ मे रोजी, त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्या होत्या. त्या कॉलेजात ते १९२८पासून अधूनमधून शिकवत होते. १९३४-३५ साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर त्यांनी दिलेली व्याख्यानं पुढे छापली गेली. लंडनच्या ग्रेज इनची बॅरिस्टरी करताना ज्याचा अभ्यास करावा लागतो, तो रोमन कायदाही त्यांच्या हाताखालून गेलेला होता. आणि १९३५ सालीच १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा त्यांनी केली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सुरू केलेल्या सत्याग्रहाला वर्षानुवर्षं दार उघडलं नव्हतं. ज्या माणसाला युरोपातल्या न्यायकल्पना शिकवण्यासाठी सरकारनं खुर्ची दिली होती, त्याला आमच्या जिल्ह्यातल्या देवळात पाय ठेवता येत नव्हता. नाशिक जिल्ह्यातली वकील म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते.

पण मला सर्वांत जास्त धरून ठेवतो तो महाडच्या चवदार तळ्याचा दावा. १९२७ साली सवर्णांनी तो लावला आणि त्यात पहिले प्रतिवादी खुद्द बाबासाहेब होते. वादींचं एक म्हणणं असं: अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे. माझ्याकडे आलेल्या आजोबांचेच शब्द, पण इथं ते वाट उघडायला नव्हे, बंद करायला वापरलेले. इंग्लंडच्या कायद्यात रूढी मान्य व्हायची तर ती माणसाच्या स्मरणापलीकडची असावी लागते. तिथं त्या स्मरणाची सीमा ११८९ हे वर्ष धरतात, पहिला रिचर्ड गादीवर आला ते. आपल्या कोर्टांनी त्या सालाचा हट्ट धरला नाही, पण प्राचीनतेचा पुरावा मात्र मागितला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे आणि सांगितलेली रूढी स्मरणातीत असल्याचं वादींनी सिद्ध केलेलं नाही. दावा गेला. तेव्हा पहिले प्रतिवादी पेरी प्रोफेसरच्या खुर्चीवर होते. पुढच्या वर्षी त्यांनी ते पद सोडलं.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी वकिली नवी होती. तोवर 'पूर्वापार' म्हटलं की काम झालं, असं मी समजत होते. त्यानंतर प्रत्येक पक्षकाराला मी दोन प्रश्न जास्त विचारू लागले. पूर्वापार म्हणजे कोणी पाहिलेलं? आणि ती वाट कोणासाठी होती, कोणासाठी नव्हती?

आजोबांनाही विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वाडीतली माणसं कामाला यायची तीबी याच वाटेनं यायची, ताई. त्यांनाच साक्षीला बोलवा." वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बायका साक्षीला आल्या. त्यातली एक पाचवीची पोर असताना डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन या बांधावरून चाललेली होती, आणि आंब्याचं कोणतं झाड तेव्हा होतं, कोणतं नव्हतं, हे तिनं न अडखळता सांगितलं.

तहसीलदारांनी स्थळपाहणी लावली. तलाठी टेप घेऊन आले. सरळ तुकड्यात ८ फुटांवर शेजारी राजी झाला, वळणावरही तेवढंच द्यायचं म्हणू लागला. आजोबांनी ट्रॅक्टर बोलावला, मागं रिकामी ट्रॉली लावलेली. ड्रायव्हरनं ती एकदा वळवून दाखवली. मागचं चाक शेजाऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यात चांगलंच आत गेलं. शेजारी वाफ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून मागं मागं सरकत गेला.