रेणूंचा आकार व बंधन

रेणूतील अणूंची अवकाशातील मांडणी आणि त्यांना जोडणाऱ्या बंधांचे स्वरूप ठरविण्याच्या पद्धती. कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे वळलेले असतात, ही कल्पना व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. लूइस यांनी १९१६ मध्ये सामाईक इलेक्ट्रॉन युग्म म्हणजेच बंध असे प्रतिपादिले (पहा : रासायनिक बंध). युग्मांच्या संख्येवरून आकार सांगण्याचा सिजविक व पॉवेल यांचा मार्ग (१९४०) गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये विस्तारला.

मध्यवर्ती अणूच्या बाह्यतम कवचातील युग्मे परस्परांपासून शक्य तितकी दूर राहतात आणि बंधात न गुंतलेले एकाकी युग्म बंधयुग्मापेक्षा अधिक प्रतिकर्षण करते. त्यामुळे मिथेन, अमोनिया व पाणी यांत प्रत्येकी चार युग्मे असूनही बंधकोन अनुक्रमे सुमारे १०९.५°, १०७° व १०४.५° असे घटत जातात. कार्बन डाय-ऑक्साइड सरळरेषी, तर सल्फर डाय-ऑक्साइड गंधकावरील एकाकी युग्मामुळे वाकलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडातील सुमारे ९२° कोन मात्र केवळ युग्मे मोजून सांगता येत नाही. म्हणून हा नियम प्राथमिक अनुमानापुरताच मानावा. पडताळा विवर्तन, अवरक्त वर्णपट व १९२८ मध्ये शोधलेला रामन परिणाम (पहा : रामन, चंद्रशेखर वेंकट) यांनी घेतात.

आकाराचा जैव क्रियेशी निकट संबंध असतो. सारीन या युद्धविषातील फॉस्फरसाभोवती चार भिन्न गट चतुष्फलकी रचनेत असल्याने त्याची परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेली दोन रूपे संभवतात व त्यांची विषारिता भिन्न असते. अशा विषांपासूनच्या संरक्षणावर ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेत काम चालते.