इट वॉज रिटन

अमेरिकन रॅपर नॅस (मूळ नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स, जन्म १९७३) याचा दुसरा स्टुडिओ अल्बम. कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने तो २ जुलै १९९६ रोजी प्रसिद्ध केला. खपाच्या दृष्टीने नॅसच्या कारकिर्दीत या अल्बमाला तोड नाही. मात्र प्रसिद्ध झाल्यापासून कित्येक वर्षे त्याचे मोजमाप जवळजवळ केवळ त्याच्या आधीच्या अल्बमाच्या मापानेच होत राहिले.

तो आधीचा अल्बम म्हणजे १९९४चा ‘इलमॅटिक’. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील क्वीन्सब्रिज या विस्तीर्ण सरकारी गृहसंकुलात वाढलेल्या विशीतल्या तरुणाने तेथील जिने, नाके, पोलीस आणि तुरुंगात गेलेले मित्र यांविषयी रचलेली ही जेमतेम चाळीस मिनिटांची कृती हिप-हॉपच्या जाणकारांनी तत्काळ अभिजात ठरवली, आणि ‘द सोर्स’ या तेव्हाच्या वजनदार मासिकाने तिला पाच माइक हे आपले सर्वोच्च मानांकन दिले. विक्री मात्र त्या मानाने बेताचीच झाली. त्यामुळे पुढील अल्बमाच्या वेळी नॅसने स्टीव्ह स्टाउट याच्याकडे व्यवस्थापन सोपवले आणि निर्मितीचा मोठा भाग पोक व टोन या ‘ट्रॅकमास्टर्स’ जोडीला दिला. रेडिओवर सहज रुळणारे, गुळगुळीत ध्वनिरूप देण्याबद्दल ही जोडी प्रसिद्ध होती.

हा बदल प्रामुख्याने सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून त्यावर नवे गीत उभारण्याच्या तंत्रामध्ये, जाणवतो. ‘इलमॅटिक’मध्ये जॅझ आणि सोल संगीतातले खरखरीत तुकडे होते, येथे ‘द मेसेज’ हे गीत गायक स्टिंगच्या ‘शेप ऑफ माय हार्ट’मधील गिटारवर, तर ‘स्ट्रीट ड्रीम्स’ हे युरिदमिक्स या पॉप जोडीच्या १९८३च्या लोकप्रिय चालीवर उभे आहे. ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ या गीताची कल्पना रॅपर कर्टिस ब्लो याच्या १९८५च्या गीतावरून घेतलेली असून त्यातील ध्रुपद गायिका लॉरिन हिल हिने गायिले आहे. जगाची सत्ता हाती आली तर काय करू, याची ही दिवास्वप्ने गाड्या-दागिन्यांपासून तुरुंगातील सर्व कैद्यांच्या सुटकेपर्यंत जातात, आणि त्यातला चंगळ व न्याय यांचा सरमिसळ झालेला हव्यास हेच त्या गीताचे खरे बळ आहे. या गीताला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

आशयातही पालट झाला. नाक्यावरून पाहणाऱ्या निरीक्षकाची जागा ‘एस्कोबार’ या टोपणनावाने वावरणाऱ्या, अमली पदार्थांच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या पात्राने घेतली. इटालियन-अमेरिकन गुन्हेगारी टोळ्यांच्या चित्रपटांवरून बेतलेल्या अशा कथनाला माफियोसो रॅप म्हणतात. रॅपर रेक्वॉन याच्या १९९५च्या अल्बमामुळे ते जोरात आले होते आणि त्या अल्बमातही नॅसचा सहभाग होता. ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ या गीतात एझेड, फॉक्सी ब्राउन व कॉर्मेगा यांच्यासह ‘द फर्म’ हा गट प्रथमच ऐकू येतो.

संपूर्ण अल्बमातील सर्वांत धाडसी रचना मात्र या पात्राच्या बाहेरची आहे. डीजे प्रीमियर याने निर्मिलेल्या ‘आय गेव्ह यू पॉवर’ या गीतात निवेदक माणूस नसून पिस्तूल आहे. हातोहात फिरून, माणसे मारून थकलेले हे पिस्तूल एका क्षणी अडून बसण्याचे ठरवते, त्यामुळे त्याचा मालक मारला जातो, आणि लगेच दुसरा कोणीतरी ते उचलतो. रस्त्यावरील हिंसेवर प्रवचन न झोडता तिचे न संपणारे चक्र केवळ निवेदकाच्या निवडीतून दाखवण्याची ही युक्ती रॅपमधील कथनकलेचा आदर्श नमुना मानली जाते. ज्यांनी या अल्बमाला निव्वळ बाजारू ठरवले, त्यांनी हे गीत पुरेशा लक्षपूर्वक ऐकले नसावे.

अल्बम बिलबोर्डच्या मुख्य सूचीत थेट पहिल्या क्रमांकावर आला, पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे २,६८,००० प्रती खपल्या आणि पुढे त्याला दुहेरी प्लॅटिनम, म्हणजे २० लाख प्रतींचे, प्रमाणपत्र मिळाले. समीक्षकांत मात्र दुमत झाले. नॅसच्या शब्दकळेबद्दल व अंतर्यमकांबद्दल फारशी शंका नव्हती. आक्षेप होता तो चकचकीत निर्मितीला, श्रीमंतीच्या प्रदर्शनाला आणि ‘इलमॅटिक’ची सलगता हरवल्याला. जुन्या चाहत्यांनी तर नॅस ‘विकला गेला’ असेच म्हटले. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता: पश्चिम किनाऱ्यावरील निर्माता डॉ. ड्रे याने निर्मिलेले ‘नॅस इज कमिंग’ हे गीत पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील रॅपरांमधील वैर शिगेला पोहोचले असताना दोन्हींना जोडू पाहणारे म्हणून लक्षणीय असले, तरी संगीत म्हणून ते फिकेच आहे. ‘द मेसेज’मधील बोल पश्चिम किनाऱ्यावरील रॅपर टुपॅक शकूर याने स्वतःवरील टीका मानले व आपल्या शेवटच्या अल्बमात नॅसवर प्रतिहल्ला केला, तो अल्बम टुपॅकच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १९९६मध्ये बाहेर आला.

‘इलमॅटिक’ एकच, बाकीचे दुय्यम, हा समज इतका रुजला की २००१मध्ये प्रतिस्पर्धी रॅपर जे-झी याने ‘टेकओव्हर’ या गीतात नॅसची खिल्ली उडवताना त्याचाच आधार घेतला. त्यानंतर मत हळूहळू पालटले. माफियोसो कथन आणि रेडिओयोग्य ध्वनी यांचा येथे घातलेला मेळ नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या रॅपचा प्रचलित मार्गच झाला, आणि लूपे फियास्कोसारख्या पुढच्या पिढीतील रॅपरांनी या अल्बमाचे ऋण उघडपणे मान्य केले. २०२१मध्ये त्याची पंचविसाव्या वर्षानिमित्तची वाढीव आवृत्ती निघाली.

या अल्बमाशी थेट निगडित नसला, तरी मुंबईच्या रॅपशीही नॅसचा बऱ्याच नंतर संबंध आला. ‘गली बॉय’ (२०१९) या हिंदी चित्रपटाचा तो कार्यकारी निर्माता होता, आणि त्याच्याशी निगडित ‘मास अपील’ या कंपनीच्या भारतीय शाखेने अंधेरीचा रॅपर डिव्हाइन याला करारबद्ध केले.